फोनवर बेस गिटार ऐकू का येत नाही? यवतमाळच्या हौशी वादकांचे अनुभव आणि त्यामागचं तंत्र

पुढे वाचण्याआधी एक छोटा प्रयोग करून बघा. आवडीचं कुठलंही ऑर्केस्ट्राचं किंवा सिनेमाचं गाणं फोनच्या स्पीकरवर लावा. गायक ऐकू येईल, ढोलकी येईल, कीबोर्डही येईल. आता त्यातली बेस गिटार शोधा. बहुतेकांना ती सापडणार नाही. मग तेच गाणं वायरवाल्या इअरफोनवर ऐका. गाण्याच्या तळाशी एक जाड, गोल आवाज चालताना लगेच कळेल.

म्हणजे आवाज फाईलमध्ये होता, फोनचा स्पीकर तो तुमच्यापर्यंत पोचवत नव्हता. एवढ्या एका गोष्टीमुळे आपल्या जिल्ह्यातली किती तरी पोरं बेस गिटार शिकायला घेतात आणि सहा महिन्यांत विकायला काढतात. मी यवतमाळात मोबाईल दुरुस्तीचं काम करतो आणि संध्याकाळी हौस म्हणून बेस वाजवतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दोन्ही बाजूंनी येतो. गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, स्पीकर बदलून द्या, बेस नाही येत." आणि वाजवणारे मित्र म्हणतात, "अबे, माझं वाजवलेलं व्हिडिओत ऐकूच नाही येऊन रायलं."

या लेखात आपण फोन आणि बेस गिटार यांचं नेमकं कुठे बिनसतं आणि त्यावर कमी खर्चात काय करता येतं ते पाहू.

बेस गिटार म्हणजे काय?

साध्या गिटारला सहा तारा असतात, बेसला सहसा चार. तारा जाड असतात, मान लांब असते आणि आवाज एक सप्तक खाली असतो. जाड तारेकडून मोजलं तर चार तारा ई, ए, डी आणि जी या स्वरांना लावतात. त्यांची वारंवारता म्हणजे तार सेकंदाला किती वेळा कंप पावते तो आकडा अनुक्रमे सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झ असतो. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

गंमत म्हणजे या वाद्याला यश मिळालं तेच 'ऐकू येत नाही' या तक्रारीमुळे. त्याआधी बँडमध्ये माणसाच्या उंचीचा लाकडी डबल बेस असायचा. तो उचलून न्यायला अवघड, आणि ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटारसमोर त्याचा आवाज दबून जायचा. १९५१ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कंपनीने प्रिसिजन बेस बाजारात आणला. गळ्यात अडकवता येईल असा, अॅम्प्लिफायरला जोडायचा आणि फ्रेट असल्यामुळे स्वर नेमका लागणारा. त्यावरूनच त्याला 'प्रिसिजन' हे नाव पडलं.

आपल्याकडे हिंदी सिनेमाच्या गाण्यांनी हा आवाज घराघरात नेला. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे. आजच्या पिढीत मुंबईत वाढलेली मोहिनी डे जगभर वाजवते, तिचे वडीलही बेसवादक. तिचे व्हिडिओ बघून बेस घ्यावासा वाटला, असं सांगणारी दोन-तीन पोरं तर माझ्याच ओळखीत आहेत.

यवतमाळात बेस वाजवायचा म्हणजे...

आपल्याकडे वाजवायला प्रसंग कमी नाहीत. यवतमाळचा दुर्गोत्सव सगळ्यांना माहीत आहे. १४ एप्रिलला भीमगीतांचे कार्यक्रम असतात, गणपती असतो, कॉलेजचं गॅदरिंग असतं, चर्चमधली गाणी असतात. पण यातल्या बऱ्याच ठिकाणी बेसवाल्याची खुर्ची आधीच गेलेली असते. धुमालच्या गाडीवर कीबोर्ड आणि ढोल-ताशे असतात, तिथे बेस गिटारला जागाच नाही. ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस वाजवतो. आयोजकाचा हिशेब सरळ असतो, एक माणूस कमी म्हणजे एक पाकीट कमी.

बेसवाल्याशिवाय काम भागवायची ही कल्पना जुनी आहे. गिटारवाल्याला एकट्याने सराव करताना बेसची साथ मिळावी म्हणून जपानच्या रोलँड कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-३०३ नावाचं एक यंत्र काढलं. खऱ्या बेससारखा आवाज त्यातून निघेना, म्हणून ते फारसं खपलं नाही. पण मुंबईतले वादक चरणजित सिंग यांनी त्याच यंत्राची साथ घेऊन १९८२ च्या सुमारास राग वाजवले आणि डिस्कोच्या तालावर दहा रागांचा एक अल्बम केला. बऱ्याच वर्षांनी जगाने तो शोधून काढून डोक्यावर घेतला. यंत्र आलं, त्याने स्वतःची वेगळी वाट काढली आणि बेस गिटार आपल्या जागी राहिली.

अडचणी दुसऱ्याही आहेत. वाद्य निवडून, हातात धरून घ्यायचं तर नागपूर गाठावं लागतं, म्हणजे सुमारे १५० किलोमीटर. बेस शिकवणारा मास्तर तालुक्याच्या गावी मिळणं अवघड. अॅम्प्लिफायर महाग. म्हणून वणी असो, पुसद असो की पांढरकवडा, बहुतेक हौशी वादकांचा मास्तर, ट्यूनर, अॅम्प आणि रेकॉर्डर हे सगळं एकच असतं, ते म्हणजे खिशातला फोन. मास्तर एकच असला की तो कुठे चुकीचं सांगतो हेही माहीत असलेलं बरं.

स्पीकरचं साधं गणित

फोन उघडला की खालच्या बाजूला नखाएवढा स्पीकर दिसतो. त्याच्या आत एक पातळ पडदा असतो, तो पुढे-मागे हलून हवा ढकलतो. त्याला हलायला जागा किती? मिलिमीटरचा काही अंश.

आता नियम बघा. आवाज एक सप्तक खाली न्यायचा आणि तेवढाच मोठा ठेवायचा, तर पडद्याला चौपट जास्त हलावं लागतं. ३३० हर्ट्झपासून तीन सप्तकं खाली आलो की ४१ हर्ट्झ येतं, म्हणजे बेसची सगळ्यात जाड मोकळी तार. हिशेब होतो चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे ६४ पट. नखाएवढ्या पडद्याला हे जमणार नाही. त्याने प्रयत्न केला तर तो फाटेल, म्हणून फोनचं सॉफ्टवेअर खालचे स्वर आधीच कापून टाकतं. गिऱ्हाइकाला मी हेच सांगतो, "स्पीकर बदलून फरक नाही पडणार, भाऊ. नवाही तेवढाच असतो."

मग त्याहून लहान इअरफोनमधून बेस कसा येतो? कारण इअरफोन कानाचं भोक बंद करतो. त्याला खोलीभर हवा हलवायची नसते, कानातली चिमूटभर हवाच हलवायची असते. म्हणूनच इअरफोनचं रबर सैल बसलं की बेस गायब होतो. डब्यात लहान-मोठी तीन मापं देतात ती याचसाठी. आपल्या कानाला घट्ट बसणारं माप लावा, अर्धी तक्रार तिथेच मिटते.

मेंदू भरून काढतो तो स्वर

तुम्ही म्हणाल, "पण स्पीकरवरही मला थोडा बेस ऐकू येतो." बरोबर आहे, आणि हा सगळ्यात मजेदार भाग आहे.

तार छेडली की फक्त ४१ हर्ट्झचा आवाज निघत नाही. त्यासोबत त्याच्या पटीतले आवाजही निघतात: ८२, १२४, १६५, २०६, २४७, २८८, ३३० असे. यांना हार्मोनिक म्हणतात. फोनचा स्पीकर खालचे गाळतो, वरचे वाजवतो. पण त्या वरच्या आवाजांमधलं अंतर दर वेळी ४१ चंच असतं. मेंदू ते ओळखतो आणि मूळ स्वर हजर नसतानाही तोच ऐकल्याचा अनुभव देतो. जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट झेबेक यांनी १८४१ मध्येच भोंग्यांवर प्रयोग करून ही गोष्ट मांडली होती.

रोजचं उदाहरण देतो. जुन्या लँडलाईनवरून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढेच आवाज जायचे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे तो तारेतून जातच नव्हता. तरी पलीकडून बाबा बोलतायत हे पहिल्याच शब्दाला कळायचं, आणि त्यांचा आवाज बायकी वाटायचा नाही. मेंदू गाळलेला भाग भरून काढत होता.

स्वतः तपासायचं असेल तर 'टोन जनरेटर' प्रकारचं एखादं मोफत अॅप घ्या. आवाज अर्ध्यावर ठेवा आणि फोनच्या स्पीकरवर आधी ३३० हर्ट्झ वाजवा, मग १६५, मग ८२, मग ४१. आवाज उतरत उतरत शेवटी जवळजवळ नाहीसा होईल. या अॅपमधून साधा, हार्मोनिक नसलेला स्वर निघतो, म्हणून इथे मेंदूलाही भरून काढायला काही सापडत नाही.

दिग्रसच्या मित्राचं काय झालं

माझा एक मित्र दिग्रसचा आहे. नवरात्रात त्यांच्या ग्रुपने कार्यक्रम केला, कोणीतरी समोरून फोनवर शूटिंग केलं आणि व्हिडिओ टाकला. खाली कमेंट आली, "तो चार तारेवाला पोट्टा काय करून रायला होता?" लोक हसले. पुढच्या मीटिंगमध्ये ग्रुपमधल्या एकाने तोच व्हिडिओ लावून म्हटलं, बेस असला-नसला सारखाच, पुढच्या वर्षी कीबोर्डवर भागवू. मित्राने बेस विकायची जाहिरात लिहून ठेवली होती.

मी त्याला एवढंच म्हटलं की तो व्हिडिओ सगळ्यांना चांगल्या इअरफोनवर ऐकव, आणि मग पुढच्या सरावाला दोन गाणी बेस बंद ठेवून वाजव. त्याने तसं केलं. दुसऱ्या गाण्याच्या मध्येच ढोलकीवाला थांबला आणि म्हणाला, "काहीतरी रिकामं रिकामं लागून रायलं." गाणारी मुलगी म्हणाली की तिला स्वर धरायला त्रास होतोय. बेस तिला वेगळा ऐकू येत नव्हता, पण ती त्याच्यावर उभी राहून गात होती. मित्र अजून त्याच ग्रुपमध्ये आहे. मैदानात समोर बसलेल्या माणसाने बेस छातीवर झेललेला असतो, कारण तिथे मोठे स्पीकर असतात. फोनवर बघणाऱ्याला तो मिळत नाही. दोघांचं मत वेगळं असणारच.

रीलमध्ये बेस ऐकू यावा म्हणून

लोक फोनवरच ऐकणार हे पक्कं आहे. मग आपला आवाज फोनच्या टप्प्यात आणायचा, म्हणजे हार्मोनिक वाढवायचे. स्टुडिओत मिक्सिंग करणारे हेच करतात.

* तार पुलाजवळ छेडा. तिथे आवाज पातळ पण स्पष्ट येतो.
* बोटांऐवजी पिक वापरून बघा. यावर आमच्यात कायम वाद असतो. वणीचा एक जण म्हणतो, पिक म्हणजे बेसचा अपमान. मला वाटतं, रील पिकने आणि कार्यक्रम बोटांनी, एवढा वाद कशाला?
* अॅपमध्ये खालची पट्टी वाढवत बसू नका, स्पीकर ती गाळणारच. ७०० ते १००० हर्ट्झच्या आसपास थोडं वाढवा.
* किंचित ओव्हरड्राइव्ह लावा. ओव्हरड्राइव्ह नवे हार्मोनिक तयार करतो, त्यामुळे लहान स्पीकरवरही स्वर 'दिसतो'.
* पोस्ट करण्याआधी एकदा इअरफोनवर आणि एकदा फोनच्या स्पीकरवर ऐका. दोन्हीकडे ठीक वाटलं तरच टाका.

आणखी एक गोष्ट. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला आहे. सॉफ्टवेअर वारा, पंखा आणि घरघर काढून टाकतं, आणि त्याच्या लेखी बेसचा लांब स्वर हीसुद्धा घरघरच असते. म्हणून व्हॉइस नोटवर पाठवलेला बेस ओळखू येत नाही. रेकॉर्डिंग अॅपमध्ये 'रॉ' किंवा 'अनप्रोसेस्ड' असा पर्याय असेल तर तो निवडा. अँड्रॉइडने ही सोय सातव्या आवृत्तीपासून दिली आहे, पण ती चालेल की नाही हे फोनवरही अवलंबून असतं. फाईल पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. झूमवर ऑनलाईन शिकवणी असेल तर सेटिंगमध्ये संगीतासाठीचा 'ओरिजिनल साऊंड' चालू करा.

ब्लूटूथ लावून सराव? नको

ही तक्रार सगळ्यात जास्त येते. पुसदच्या एका कॉलेजच्या मुलाने मला विचारलं, "दादा, माझा ताल सुटतो. माझ्यात ताल नाही का?" तो बेस फोनला जोडून ब्लूटूथ इअरबड्सवर ऐकत होता.

ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून लहान केला जातो, हवेतून पाठवला जातो आणि पलीकडे पुन्हा उलगडला जातो. याला साधारण १५० ते २५० मिलीसेकंद लागतात. या उशिराला लेटन्सी म्हणतात. सिनेमा बघताना तो कळत नाही, कारण अॅप चित्रही तेवढंच मागे ठेवतं. पण तुमची बोटं मागे कोण ठेवणार?

आकड्यात बघू. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. २०० मिलीसेकंदांचा उशीर म्हणजे तुम्ही जवळपास ७० मीटर लांब ठेवलेल्या स्पीकरवर स्वतःचं वाजवलेलं ऐकताय. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका ५०० मिलीसेकंदांचा आणि त्याचा चौथा भाग १२५ चा. म्हणजे बोट पडल्यावर आवाज येईपर्यंत ढोलकीचा पुढचा बोल निघून गेलेला असतो. वाजवताना १०-२० मिलीसेकंदांपर्यंतचा उशीर हाताला फारसा जाणवत नाही, त्यापुढे जाणवायला लागतो. गेम मोडने उशीर कमी होतो, पण वाजवण्याइतका क्वचितच.

त्या मुलाने वायरवाला इअरफोन लावला आणि त्याचा ताल त्याच दिवशी जागेवर आला. दोन-तीनशे रुपयांचं काम होतं. तेवढ्यासाठी तो स्वतःला बेताल समजत बसला होता.

फोनला ३.५ मिलिमीटरचं भोक नसेल तर टाइप-सी कन्व्हर्टर घ्या, पण 'डॅक असलेला' असं विचारून घ्या. डॅक म्हणजे फोनमधल्या आकड्यांचं आवाजात रूपांतर करणारी चिप. ती नसलेले स्वस्त कन्व्हर्टर सगळ्या फोनवर चालत नाहीत.

बेस फोनला जोडायचा कसा?

बेसच्या तारांखाली पिकअप असतात. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. लोखंडी तार हलली की वेढ्यांमध्ये अगदी बारीक वीज तयार होते. ती इतकी नाजूक असते की थेट फोनच्या किंवा होम थिएटरच्या भोकात घातली तर आवाज बारीक आणि मरतुकडा येतो. मध्ये ऑडिओ इंटरफेस नावाची डबी लागते. घेताना त्यावर 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झेड' असं लिहिलेलं भोक आहे का, ते पाहा. ही डबी ओटीजी वायरने फोनला जोडतात. काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं, आणि थोडा वेळ न वापरल्यास ते आपोआप बंद होतं. डबी खराब आहे असं समजून परत पाठवणाऱ्यांनी आधी एवढं तपासावं.

जोडल्यावर 'गूंऽऽ' आवाज येत असेल तर फोनचा चार्जर काढून बघा. आपली घरातली वीज ५० हर्ट्झची. गंमत बघा, जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी स्वर ४९ हर्ट्झचा. म्हणजे विजेची गुणगुण बेसच्याच घरात येऊन बसते, म्हणून ती आपल्याला जास्त छळते. ज्या घरात अर्थिंग नीट नाही तिथे हा त्रास जास्त होतो. बॅटरीवर वाजवलं की तो बराच कमी होतो.

ट्यूनर आणि 'काळी चार'

फोनवरचे ट्यूनर चांगले असतात, पण जाड तारेला त्यांचा काटा नाचतो. ४१ हर्ट्झची एक लाट पूर्ण व्हायला सुमारे २४ मिलीसेकंद लागतात, आणि स्वर ओळखायला अॅपला अशा अनेक लाटा हव्या असतात. शिवाय माइक खालचा स्वर नीट पकडत नाही. उपाय सोपा आहे. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट हलकंच टेकवा, दाबू नका, आणि छेडा. एक सप्तक वरचा, ८२ हर्ट्झचा स्वच्छ स्वर येईल आणि काटा स्थिर होईल. फोन बेसच्या लाकडाला टेकवून धरला तर आणखी बरं.

आता दुसरी अडचण. ट्यूनर आणि इंग्रजी व्हिडिओ ए, बी, सी म्हणतात. आपला गायक स्टेजवर म्हणतो, "काळी चार घ्या." नवीन पोरगं गोंधळतं. सोपं आहे: पांढरी एक म्हणजे सी. त्या हिशेबाने बेसच्या चार मोकळ्या तारा जाड ते बारीक अशा होतात: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. काळी चार हवी असेल तर जाड तारेचा चौथा फ्रेट धरा, किंवा सगळ्यात बारीक तारेचा पहिला. काळी एक म्हणजे पांढरी सहाच्या तारेचा चौथा फ्रेट. हे एका कागदावर लिहून बेसच्या बॅगेत ठेवा. ऑर्केस्ट्रात टिकायला हे कुठल्याही अॅपपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

गाण्यातून बेस वेगळा काढणारं एआय

ज्या गाण्यांचं नोटेशन कुठेच मिळत नाही, म्हणजे आपली बहुतेक मराठी गाणी आणि भीमगीतं, तिथे हे तंत्र मोठा आधार आहे. डीझर कंपनीने २०१९ मध्ये स्प्लीटर हे मोफत सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं. ते गाण्याचे गायन, ड्रम, बेस आणि बाकीचं असे चार भाग करून देतं. आता मोझेससारखी अॅप हेच काम फोनवर करून देतात. हे सॉफ्टवेअर आवाजाचं एक प्रकारचं चित्र बनवतं आणि हजारो उदाहरणांवरून शिकलेल्या अंदाजाने कुठला ठिपका कुणाचा ते ठरवतं.

यावर आमच्यात दोन मतं आहेत. आर्णीचा एक जुना वादक म्हणतो, यामुळे पोरांचे कान आळशी होतात. आम्ही कॅसेट मागे-पुढे करून एकेक स्वर पकडला, तेव्हा कान तयार झाला. दारव्ह्याची एक मुलगी, जी घरी एकटीच शिकते, ती म्हणते, "तुमच्याकडे विचारायला ग्रुप तरी होता काका, माझ्याकडे हेच आहे." मला दोघांचंही पटतं. मी आधी कानाने काढतो, मग अॅपवर तपासतो. तपासताना सावध राहावं लागतं, कारण तबल्याचा डग्गा आणि ढोलकीची धुम अॅपला बेससारखीच वाटते. माझ्याकडे अनेकदा डग्ग्याची घुमक बेसच्या भागात निघून आली आहे. तीच बेस समजून बसवली तर सगळंच बेसूर.

यूट्यूबवर वेग ०.७५ करूनही स्वर न बदलता ऐकता येतं. पण वेग फार कमी केला की खालचे स्वर एकमेकांत मिसळून चिखल होतो, त्यामुळे अर्ध्याच्या खाली जाऊ नका.

कानांची काळजी

आपला कान खालच्या स्वरांना मुळातच कमी दाद देतो. म्हणून बेसवाला इअरफोनचा आवाज वाढवत जातो, आणि त्यासोबत बाकीचे स्वरही कानावर आदळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसासाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा आहे. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ डेसिबलला २० तास. सराव करताना बेसचा आवाज वाढवण्याऐवजी मागच्या गाण्याचा कमी करा. आणि कार्यक्रमात डीजेच्या भिंतीसमोर उभे असाल तर कानात बोळे घाला. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मग बेस घ्यावा का?

मला हे दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. माझं उत्तर असं की, रीलवर वाहवा मिळावी म्हणून घेत असाल तर घेऊ नका. त्यासाठी गिटार बरी, ती फोनवर छान वाजते. पण चार माणसांसोबत बसून वाजवायची हौस असेल, गाणं आतून कसं बांधलेलं असतं हे कळावं असं वाटत असेल, तर नक्की घ्या. जुना चालेल, मान सरळ आहे का आणि प्रत्येक फ्रेटवर स्वर साफ निघतो का एवढं तपासा. पैसे उरले तर वायरवाला इअरफोन आणि इंटरफेस घ्या. अॅम्प नंतर बघू.

आणि विकायला काढला असेल, तर जाहिरात टाकण्याआधी एक दिवस थांबा. ढोलकीवाल्याला आणि गाणाऱ्याला बोलवा, दोन गाणी बेसशिवाय वाजवा आणि त्यांना विचारा. निकाल त्यांच्या तोंडून ऐका, फोनच्या स्पीकरवरून ठरवू नका.

तुमच्या तालुक्यात कोणी बेस वाजवतं का? तुम्ही फोनवर सराव कसा करता? खाली कमेंटमध्ये लिहा. कुठली वायर कुठे लावायची यात अडला असाल तर तेही विचारा, जमेल तसं उत्तर देतो.